क्वांटम अंक पाठ करण्याआधी: दोरी, डबा आणि चार आकडे

अकरावीचे वर्ग सुरू झाले की महिन्याभरात माझ्यासमोर एक वही उघडली जाते. पान दरवर्षी तेच: अणूतल्या इलेक्ट्रॉनची ओळख सांगणारे चार क्वांटम अंक. एन म्हणजे कवच, एल म्हणजे उपकवच, एम-एल म्हणजे ऑर्बिटल, एम-एस म्हणजे स्पिन. त्याखाली चौकटीत: एन हे शहर, एल ही गल्ली, एम-एल हे घर, एम-एस हा घरातला माणूस. विद्यार्थ्याला हे सगळं तोंडपाठ असतं. मी विचारतो, "एलची किंमत एनपेक्षा लहानच का असते?" तिथे शांतता. शहरात गल्ल्या किती असाव्यात यावर शहराच्या नंबराचं बंधन नसतं, त्यामुळे पत्त्याच्या उपमेतून या प्रश्नाचं उत्तर निघतच नाही.

माझ्याकडे येणारी बरीच मुलं सोलापूरच्या पूर्व भागातली. घरात तेलुगू, शेजारी कन्नड किंवा उर्दू, शाळा मराठी, आणि अकरावी विज्ञानाला आलं की एकदम इंग्रजी. नव्या भाषेत नवा विषय समोर आला की पाठांतर हाच आधार वाटतो. त्यात त्यांचा दोष नाही. पण हा धडा पाठांतराचा नाही, आणि तो समजायला इंग्रजी फारसं लागतही नाही. तीन मीटर दोरी, एक रिकामा गोल डबा, मोठा फुगा, बारीक मीठ, मोबाइल आणि जुनी सीडी एवढं जमवा. दोन संध्याकाळी पुरतात.

पायरी १ : ग्रहमालेचं चित्र पुसून टाका

मधे केंद्रक आणि भोवती गोल फिरणारे इलेक्ट्रॉन हे चित्र शाळेपासून डोक्यात बसलेलं असतं. अणूच्या मधोमध जड, धन प्रभाराचं केंद्रक आहे हे रदरफर्डने १९११ मध्ये दाखवलं, आणि तेवढं खरंच आहे. बिघडतं ते फिरण्यापाशी. प्रभार असलेली वस्तू गोल फिरली की ती प्रकाश बाहेर टाकते, म्हणजे ऊर्जा गमावते. इलेक्ट्रॉन ग्रहासारखा फिरत असता तर सेकंदाच्या अब्जाव्या भागाहूनही कमी वेळात गरगरत केंद्रकात पडला असता. जगात एकही अणू शिल्लक राहिला नसता.

१९१३ मध्ये बोरने सांगितलं की काही ठरावीक कक्षाच चालतात आणि त्यांत इलेक्ट्रॉन ऊर्जा गमावत नाही. हायड्रोजन काही ठरावीक रंगांचाच प्रकाश सोडतो, त्या रंगांच्या रेषा त्यातून अचूक निघाल्या. पण ठरावीकच कक्षा का, याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं, आणि दोन इलेक्ट्रॉनच्या हेलियमपाशी त्याचं गणित अडलं. उत्तराची दिशा १९२४ मध्ये द ब्रॉयच्या कल्पनेतून मिळाली: इलेक्ट्रॉनला तरंगासारखं वागवा. १९२६ मध्ये श्रोडिंगरने त्या तरंगाचं समीकरण मांडलं. आपण ते सोडवणार नाही. त्याचं उत्तर कसं दिसतं ते डब्यावर पाहू.

पायरी २ : दोरी हलवा, मग डबा वाजवा

या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या. पुढचं सारं हिच्यावर उभं आहे.

दोरीचं एक टोक खिडकीच्या गजाला बांधा, दुसरं हातात धरून वरखाली हलवा. एका विशिष्ट वेगाला दोरीत एक मोठा फुगवटा स्थिर दिसेल. वेग वाढवला की मधेच तो मोडतो, आणि आणखी वाढवला की दोन फुगवटे दिसतात. त्यांच्या मधला एक बिंदू हलतच नाही. त्याला निस्पंद म्हणतात, वर्गात आपण नोड म्हणतो. पुढे तीन फुगवटे, दोन नोड. अडीच फुगवटे कधीच स्थिर होत नाहीत. पूर्णांकातच राहा असं दोरीला कुणी सांगितलेलं नाही, टोकं बांधलेली आहेत म्हणून ते घडतं. तरंगाला कोंडलं की मोजता येणारे आकडे आपोआप जन्माला येतात. "क्वांटम अंक" या भारदस्त शब्दामागे मुळात एवढंच आहे.

आता डबा घ्या. फुगा कापून त्याच्या तोंडावर घट्ट ताणून बसवा आणि वर चिमूटभर मीठ पसरा. मोबाइलवर एकच स्वर वाजवणारं मोफत ॲप मिळतं. शक्य असेल तर आवाज छोट्या स्पीकरमधून सोडा, स्पीकर डब्याच्या जवळ धरा आणि स्वर हळूहळू चढवत न्या. काही ठरावीक स्वरांना मीठ उडून ओळीत गोळा होईल. जिथे ते थांबतं तिथे पडदा हलत नाही, म्हणजे तो नोड. डब्यावर नोड बिंदू नसतो, रेष असते. कधी ती डब्याच्या मधून जाणारी सरळ रेष, कधी कडेला समांतर वर्तुळ, कधी दोन्ही. पहिल्याच प्रयत्नात सुबक आकृती येत नाही. फुग्याचा ताण सगळीकडे सारखा करा आणि मीठ कमी घ्या.

दिसलेली प्रत्येक आकृती वहीत काढा आणि शेजारी दोन आकडे लिहा: मधून जाणाऱ्या रेषा किती, आणि वर्तुळं किती. प्रत्येक आकृतीची ओळख या दोन आकड्यांत होते. दोरीला एक आकडा पुरला, कारण दोरीला फक्त लांबी आहे. पडद्याला दोन लागले, कारण त्याला लांबी-रुंदी आहे. अणूभोवतीचा इलेक्ट्रॉनचा तरंग तिन्ही दिशांना पसरलेला असतो, म्हणून त्याला तीन आकडे लागतात. एन, एल आणि एम-एल ते हेच तीन. या तिन्हींनी ठरलेला एक तरंग म्हणजे ऑर्बिटल. चौथा, एम-एस, जागेच्या मापातून येत नाही. तो इलेक्ट्रॉन स्वतःबरोबर आणतो, म्हणून त्याला वेगळी पायरी ठेवली आहे.

आपल्याकडे हलगी वाजवण्याआधी शेकोटीवर तापवतात. कातडं ताणलं जातं आणि सगळे स्वर वर सरकतात. पण आकृत्यांची यादी बदलत नाही: रेषा आणि वर्तुळं तीच, फक्त स्वर चढे. अणूतही असंच. हायड्रोजनकडून सोडियमकडे, लोहाकडे गेलं की केंद्रकाचा प्रभार वाढतो, तरंग आत ओढले जातात, ऊर्जा बदलतात. तरीही एस, पी, डी या आकारांची यादी तीच राहते. म्हणूनच हायड्रोजनसाठी शिकलेले आकडे पुढच्या साऱ्या मूलद्रव्यांना चालतात. (साध्या पडद्याचे स्वर १, १.५९, २.१४ अशा अडनिड्या प्रमाणात चढतात. तबल्याच्या शाईमुळे ते जवळजवळ पूर्णांकी प्रमाणात येतात आणि म्हणून तबला सुरात लागतो. हे उकलून दाखवणारे शास्त्रज्ञ म्हणजे आपले सी. व्ही. रामन.)

पायरी ३ : एन, म्हणजे एकूण नोड किती

एनची किंमत १, २, ३ अशी. तरंगात एकूण नोड एन उणे १ असतात. एन १ ला एकही नाही, एन ३ ला दोन. नोड वाढले की तरंग जास्त पसरतो आणि इलेक्ट्रॉन सैल धरलेला राहतो.

हायड्रोजनमध्ये ऊर्जा फक्त एनवर ठरते: उणे १३.६ भागिले एनचा वर्ग, एकक इलेक्ट्रॉन-व्होल्ट. उणे चिन्हाने गोंधळू नका. ती उधारी समजा. पहिल्या पातळीवरचा इलेक्ट्रॉन १३.६चा देणेकरी आहे, तेवढी ऊर्जा चुकवली की तो अणूतून मोकळा. दुसऱ्या पातळीवर उधारी ३.४०, तिसऱ्यावर १.५१.

हे लगेच तपासा. तिसऱ्यावरून दुसऱ्यावर उतरताना ३.४० वजा १.५१, म्हणजे १.८९ ऊर्जा प्रकाश होऊन बाहेर पडते. १२४० ला (ऊर्जेवरून तरंगलांबी काढायचा हा ठरलेला आकडा) १.८९ ने भागा, तरंगलांबी नॅनोमीटरमध्ये मिळते: ६५६. हायड्रोजनची ठळक लाल रेष बरोबर तिथेच आहे. चौथ्यावरून दुसऱ्यावर: ३.४० वजा ०.८५, म्हणजे २.५५, आणि तरंगलांबी ४८६, निळसर हिरवी. या रेषांचं सूत्र बामर या स्वित्झर्लंडमधल्या शिक्षकाने १८८५ मध्ये फक्त आकडे जुळवून शोधलं होतं, इलेक्ट्रॉनचा शोधही लागला नव्हता तेव्हा. हा भागाकार मी मुलांकडून हाताने करून घेतो, कॅल्क्युलेटरशिवाय. ६५६ हा आकडा स्वतःच्या पेनातून उतरला की धड्यावर विश्वास बसतो.

पायरी ४ : एल, म्हणजे त्यांतले केंद्रकातून जाणारे किती

एकूण नोडपैकी काही केंद्रकाभोवती गोल कवचासारखे असतात, डब्यावरच्या वर्तुळासारखे. उरलेले थेट केंद्रकातून आरपार जातात, डब्यावरच्या सरळ रेषेसारखे. एल म्हणजे या आरपार जाणाऱ्या नोडची संख्या. एकूण नोडच एन उणे १ असतील, तर त्यांतले आरपार जाणारे त्याहून जास्त कसे असतील? म्हणून एलची किंमत शून्यापासून एन उणे १ पर्यंतच. सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर हे, आणि त्यात पाठ करण्यासारखं काही नाही.

एल शून्य म्हणजे एस, १ म्हणजे पी, २ म्हणजे डी, ३ म्हणजे एफ. ही अक्षरं आकारांची नाहीत. वर्णपटातल्या रेषांच्या मालिकांना पूर्वी शार्प, प्रिन्सिपल, डिफ्यूज आणि फंडामेंटल म्हणत, त्यांची ही आद्याक्षरं.

एसमध्ये केंद्रकातून जाणारा नोड नाही, म्हणून तो गोल. पीमध्ये एक प्रतल आरपार जातं आणि दोन बाजूंना दोन पाकळ्या राहतात. डीमध्ये दोन, म्हणून बहुतेक डी चार पाकळ्यांचे. गोल नोड किती ते एन वजा एल वजा १ वरून काढा: ३एसमध्ये (एन ३, एल शून्य) दोन, ३पीमध्ये एक, ३डीमध्ये शून्य.

पीचं चित्र पाहून हमखास येणारा प्रश्न: मधल्या प्रतलात इलेक्ट्रॉन कधीच सापडत नसेल, तर तो एका पाकळीतून दुसरीत जातो कसा? प्रश्न चांगला आहे, पण त्यात अजून ग्रह लपलेला आहे. दोन फुगवट्यांची दोरी आठवा. डावा फुगवटा उजवीकडे "जातो" का? तो एकच तरंग आहे आणि एकाच वेळी दोन्हीकडे आहे. पाकळ्यांवर अधिक आणि उणे अशी चिन्हं छापलेली असतात ती प्रभाराची नव्हेत. दोरीचा एक भाग वर असतो तेव्हा दुसरा खाली असतो, तेवढंच ती सांगतात.

गर्दीचा हिशोब

याला पायरी म्हणत नाही, पण हे टाळून पुढे जाऊ नका. १९२६ मध्ये बॉर्नने तरंगाचा अर्थ लावला: एखाद्या ठिकाणच्या तरंगाच्या उंचीचा वर्ग म्हणजे तिथे इलेक्ट्रॉन सापडण्याची शक्यता. १एसमध्ये ही उंची केंद्रकापाशी सर्वांत जास्त असते. मग पुस्तक असं का म्हणतं की इलेक्ट्रॉन सापडण्याचं सर्वांत संभाव्य अंतर ५२.९ पिकोमीटर आहे, शून्य नाही?

संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेत, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या यात्रेत, होम मैदानावर नंदीध्वज (उंच मानाच्या काठ्या) येतात तेव्हाची गर्दी डोळ्यांसमोर आणा. नंदीध्वजाला अगदी खेटून माणसं सर्वांत दाट, बोट शिरणार नाही अशी. पण तिथे जागाच एवढी थोडी की माणसं मोजली तर मोजकीच. पंधरा पावलांवर गर्दी विरळ झालेली असते, पण त्या वर्तुळाचा घेर मोठा, म्हणून माणसं जास्त. आणखी लांब घेर प्रचंड, पण गर्दीच संपलेली. मधे कुठेतरी असं एक अंतर असतं की त्या वर्तुळावर सर्वांत जास्त माणसं मिळतात. १एससाठी ते अंतर ५२.९ पिकोमीटर. "सर्वांत दाट कुठे" आणि "कोणत्या अंतरावर सर्वांत जास्त" हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि पुस्तकातले दोन वेगळे आलेख त्यांची उत्तरं देतात. आलेख बघताना उभ्या अक्षावर काय लिहिलंय ते आधी वाचा.

ऑर्बिटलच्या चित्राला जी कड दिसते ती भिंत नव्हे. बहुधा इलेक्ट्रॉन ९० टक्के वेळा जिथे सापडेल तेवढा भाग वेढून ती काढलेली असते. हायड्रोजनच्या १एससाठी ती सुमारे १४० पिकोमीटरवर येते. त्यापलीकडेही तरंग असतो, विरत जातो.

पायरी ५ : एम-एल, आणि पुस्तकातली एक फसवी जोडणी

एम-एलची किंमत उणे एलपासून अधिक एलपर्यंत: पीसाठी तीन, डीसाठी पाच, एफसाठी सात. याला चुंबकीय म्हणतात कारण चुंबकीय क्षेत्रात वर्णपटातल्या रेषा फुटतात हे झीमनने १८९६ मध्ये पाहिलं होतं. एरवी एकाच ऊर्जेचे असणारे हे तरंग चुंबकाजवळ वेगळे होतात.

आता पुन्हा डबा. मधून जाणारी मिठाची रेष उभी आली की डबा आहे तिथेच ठेवून फुग्याचा ताण किंचित इकडचा तिकडे करा. रेष आडवीही येऊ शकते, स्वर जवळपास तोच. पडद्याला दोन दिशा, म्हणून अशा रेषेच्या दोन स्वतंत्र मांडण्या. अणूला तीन दिशा, म्हणून पीच्या तीन: पी-एक्स, पी-वाय, पी-झेड.

बऱ्याच वह्यांत पी-एक्ससमोर अधिक १, पी-वायसमोर उणे १ आणि पी-झेडसमोर शून्य लिहिलेलं असतं. शून्य आणि पी-झेड ही जोडी बरोबर आहे. उरलेली जोडणी सोयीपुरती आहे, खरी नाही. एम-एल अधिक १ आणि उणे १ हे तरंग डब्याच्या कडेने उलटसुलट दिशांनी धावणाऱ्या लाटांसारखे आहेत. त्या दोन मिळवल्या की एक स्थिर आकृती मिळते, वजा केल्या की दुसरी. पी-एक्स आणि पी-वाय या अशा मिळून झालेल्या आकृत्या. म्हणजे दोघांतही अधिक १ आणि उणे १ सारखेच मिसळलेले. परीक्षेत ऑर्बिटल मोजताना याने काही अडत नाही, तीनचे तीनच राहतात. पण "पी-एक्सचा एम-एल किती" असा प्रश्न कुठे दिसला तर तो प्रश्नच नीट विचारलेला नाही हे तुम्हाला ठाऊक असू द्या. पुढे बी.एस्सी.ला ही गाठ सोडवताना चांगली मुलं रडकुंडीला आलेली मी पाहिली आहेत. अकरावीत एक परिच्छेद वाचला असता तर ती वेळ आली नसती.

पायरी ६ : एम-एस, जो इलेक्ट्रॉन स्वतः आणतो

१९२२ मध्ये फ्रँकफर्टला स्टर्न आणि गेरलाख यांनी चांदीच्या अणूंचा झोत विषम चुंबकीय क्षेत्रातून सोडला. काचेवर चांदीचा एक पसरट पट्टा उमटायला हवा होता, पण दोन वेगळे पट्टे उमटले. चांदीच्या सर्वांत बाहेरचा एकटा इलेक्ट्रॉन ५एसमध्ये असतो. तिथे एल शून्य, म्हणजे एम-एलही शून्य, मग झोत फुटायचं कारणच नाही. तरी दोन तुकडे झाले. पुढे १९२५ मध्ये उहलेनबेक आणि गौडस्मिट यांनी सुचवलं की इलेक्ट्रॉनला स्वतःची अशी एक फिरकी आहे, तिच्या दोनच अवस्था: अधिक अर्धा आणि उणे अर्धा. आधीचे तीन आकडे कोंडलेल्या तरंगातून निघाले, हा तसा निघत नाही.

फिरकी म्हटलं की भोवरा डोळ्यांसमोर येतो. तो येऊ द्या, पण त्यावर विसंबू नका. भोवऱ्याचा वेग कमी-जास्त करता येतो, तो थांबवता येतो. इलेक्ट्रॉनची फिरकी थांबत नाही, वाढत नाही. प्रभार किंवा वस्तुमान जसं त्याचं स्वतःचं, तशीच हीसुद्धा.

चारही आकडे हातात आले. आपल्याकडे चादरीच्या मागावर जकार्डची कार्डं लावतात. कार्डावर कुठेही फूल काढलेलं नसतं. नुसती भोकं असतात, पण त्या भोकांवरून कोणते धागे उचलायचे ते ठरतं आणि चादरीवर फूल उमटतं. (३, २, ०, +½) हे तसं कार्ड आहे, आकडे एन, एल, एम-एल, एम-एस या क्रमाने. त्यात आकार दिसत नाही, पण कोणता आकार विणायचा ते पूर्ण ठरलेलं असतं. माग चालवणाऱ्या घरातल्या एका मुलीला मी हे सांगितलं. तिने वहीत लगेच एक सुधारणा केली: "एकाच अणूत तेच कार्ड दोनदा लागत नाही." पाउलीचा नियम मी इतक्या थोड्या शब्दांत कधी सांगितला नव्हता.

पायरी ७ : भरणं

पाउलीचा १९२५चा नियम तिने सांगितलाच: एका अणूतल्या दोन इलेक्ट्रॉनचे चारही आकडे सारखे असू शकत नाहीत. म्हणून एका ऑर्बिटलमध्ये दोनच, उलट फिरकीचे. एन एवढ्या कवचात ऑर्बिटल एनचा वर्ग, इलेक्ट्रॉन त्याच्या दुप्पट: २, ८, १८, ३२.

हायड्रोजनमध्ये २एस आणि २पी एकाच ऊर्जेचे. दुसरा इलेक्ट्रॉन आला की हे बदलतं. आतले इलेक्ट्रॉन केंद्रकाची ओढ झाकतात. एसचा तरंग केंद्रकापर्यंत पोचतो, म्हणून त्याला झाकण कमी लागतं आणि तो जास्त घट्ट धरला जातो. पी केंद्रकापाशी शून्य, डी त्याहून बाहेर. म्हणून एकाच एनमध्ये ऊर्जेचा चढता क्रम एस, पी, डी. भरण्याचा क्रम एन अधिक एल या बेरजेने काढा. बेरीज लहान तो आधी, बेरीज सारखी असेल तर लहान एन आधी. ४एसची बेरीज ४, ३डीची ५, म्हणून पोटॅशियमचा एकोणिसावा इलेक्ट्रॉन ४एसमध्ये जातो. हा कामचलाऊ नियम आहे, निसर्गाचा कायदा नव्हे. क्रोमियम (३डीत ५, ४एसमध्ये १) आणि तांबं (३डीत १०, ४एसमध्ये १) तो मोडतात.

सगळ्यात जास्त गुण जातात ते इथे: भरताना ४एस आधी, पण काढतानाही ४एसच आधी. लोहाचा अणुअंक २६, बाहेर ३डीत ६ आणि ४एसमध्ये २. दोन इलेक्ट्रॉन गेले की ४एस रिकामं होतं आणि ३डीत ६ तसेच राहतात. आणखी एक गेला की ३डीत ५. भरणं म्हणजे एका मूलद्रव्याकडून पुढच्याकडे जाणं, तिथे प्रत्येक पावलाला केंद्रकाचा प्रभारही वाढतो. आयन होताना, म्हणजे अणूने इलेक्ट्रॉन गमावताना, केंद्रक तेच राहतं. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, म्हणून एकीचा क्रम उलटा करून दुसरीचा मिळत नाही.

हुंडचा नियम थोडक्यात: सारख्या ऊर्जेची ऑर्बिटलं असतील तर आधी प्रत्येकात एक-एक, एकाच दिशेच्या फिरकीचे. नायट्रोजनच्या २पीत तीन वेगवेगळे.

पायरी ८ : स्वतःची परीक्षा

खालचे संच पाहून चूक असेल तर कारण सांगा. नुसतं "चूक" लिहू नका.

(२, २, ०, +½): अशक्य. एकूण नोड एकच, मग आरपार जाणारे दोन कुठून येणार?
(३, १, −२, −½): अशक्य, एल १ असताना एम-एल उणे २ होत नाही.
(४, ०, ०, −½): चालतं, ४एस.
(१, ०, ०, ०): अशक्य, फिरकीला शून्य नाही.

आणि दोन मोजणीचे. एन ३ आणि एम-एल शून्य असलेले जास्तीत जास्त किती इलेक्ट्रॉन? एल शून्य, १, २ या तिन्हींत एम-एल शून्य एकदाच येतो, तीन ऑर्बिटलं, म्हणून ६. एन ४ आणि एम-एस अधिक अर्धा असलेले किती? १६ ऑर्बिटलं, प्रत्येकात एक, म्हणून १६.

पायरी ९ : डोळ्यांनी बघा

वरण उतू जाऊन गॅसवर सांडलं की निळी ज्योत पिवळी होते हे प्रत्येक घरात पाहिलेलं असतं. तो पिवळा रंग मिठातल्या सोडियमचा. सोडियमच्या बाहेर ३एसमध्ये एकच इलेक्ट्रॉन. ज्योतीच्या उष्णतेने तो ३पीत चढतो आणि परत उतरताना प्रकाश सोडतो. तरंगलांबी ५८९ नॅनोमीटर. १२४० ला ५८९ ने भागा: २.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. हायड्रोजनमध्ये ३एस आणि ३पी एकाच पातळीवर असतात. सोडियममध्ये त्यांच्यात २.१चं अंतर पडतं ते सातव्या पायरीतल्या झाकणामुळे. ते अंतर तुम्ही स्वयंपाकघरात डोळ्यांनी पाहत आला आहात.

आता सीडी. तिच्यावरच्या खाचा एकमेकींपासून १.६ मायक्रोमीटरवर असतात आणि त्या प्रकाशाचे रंग सुटे करतात. अंधाऱ्या खोलीत मेणबत्तीपुढे पुठ्ठ्यातली बारीक फट धरा आणि सीडीत तिरकं पाहा: लालपासून जांभळ्यापर्यंत अखंड पट्टा. मग स्पिरिटच्या दिव्यात स्टीलच्या चमच्याच्या टोकावर मिठाचं पाणी धरा: पट्ट्याऐवजी ठळक पिवळी फट. घरातलं मोठं माणूस शेजारी असू द्या, ओढणी बाजूला ठेवा, आणि सीडीतून सूर्याकडे कधीही पाहू नका. ती पिवळी रेष खरं तर जोडी आहे, ५८९.० आणि ५८९.६. इलेक्ट्रॉनची फिरकी आणि त्याची केंद्रकाभोवतीची गती यांच्या परस्पर परिणामाने ३पीची पातळी दोन ठिकाणी फुटते. सीडीत ही जोडी सुटी दिसणार नाही. कॉलेजच्या प्रयोगशाळेत सोडियमचा दिवा आणि ग्रेटिंग (रंग सुटे करणारी बारीक रेघांची काच) असतं, तिथे विनंती करून पाहा.

१८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाची सावली आपल्या दक्षिणेकडून गेली होती. विजापूरच्या पुढे जमखंडीला लेफ्टनंट जॉन हर्शेल आणि गुंटूरला फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन हे वर्णपटाचं यंत्र घेऊन बसले होते. त्या वर्षी सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांत सोडियमशेजारी एक पिवळी रेष आढळली, पण ती ५८७.६ वर होती. दीड नॅनोमीटरचा फरक. सोडियमच्या कोणत्याही उडीत ती बसेना. ती हेलियमची होती, आणि पृथ्वीवर तो वायू सापडायला १८९५ उजाडलं.

सीडी सांभाळून ठेवा. जानेवारीत होम मैदानावर शोभेचं दारूकाम होतं तेव्हा ती खिशात न्या आणि लांब उभं राहून आकाशातले रंग तिच्यात बघा. पिवळ्यात एकच रंग बाकीच्यांवर मात करून उठेल. लाल आणि हिरव्यात मात्र एक रेष मिळणार नाही, पट्टे दिसतील, कारण ते रंग मुख्यतः स्ट्रॉन्शियम आणि बेरियमच्या रेणूंमधून येतात आणि रेणूंचे तरंग जास्त गुंतागुंतीचे असतात. त्या रात्री घरी आल्यावर वहीत तारीख घाला आणि पिवळ्यासमोर लिहा: ३पी ते ३एस, ५८९ नॅनोमीटर.